देवी बसेपर्यंत

धामणकोंडच्या डोंगराला सरकारने कान लावला, त्याला चार वर्षं होऊन गेली होती.

कान हा गावाचा शब्द. कागदोपत्री त्याचं नाव भलतंच लांब होतं आणि ते कुणाच्या लक्षात राहत नसे. मुळात ती होती केसाइतकी बारीक काचेची तार. मांडवकरवाडीच्या डोक्यावरच्या उतारात हातभर खोल चर खणून ती नागमोडी पुरलेली होती, चांगली अडीच किलोमीटर. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची चमक सोडायची. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात सूक्ष्म डाग राहतातच. त्या डागांवर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. जमीन जागची सरकली की तार ताणली जाते, आणि तार ताणली की माघारी येणारा प्रकाश किंचित बदलतो. तो बदल किती आणि तारेच्या कितव्या मीटरवर, एवढं मोजलं की डोंगर कुठे आणि किती हलतोय ते घरबसल्या कळतं.

घरबसल्या म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत. तिला दरड-कक्ष म्हणत. तिथे अनुजा भुवड बसायची. वय छत्तीस, रत्नागिरीत पॉलिटेक्निक केलेली, बापाबरोबर राहणारी. दरड-कक्षाची ती एकटीच चालक. वाडीच्या टोकाच्या खांबावर सौर बॅटरीवरचा एक दिवा होता. तो हिरवा असला की लोक निर्धास्त झोपत, आणि तो हिरवा आहे म्हणजे अनुजा जागेवर आहे, असं समजत.

श्रावणातल्या त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता काझी बाई पाचवीची एकवीस मुलं घेऊन कान दाखवायला आल्या. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. मुलांच्या छत्र्यांनी खोलीभर तळं झालं.

"दप्तरं बाहेर ठेवा, आणि कुठल्याही बटणाला हात लावाल तर याद राखा," बाई म्हणाल्या. "हं, अनुजाताई, सांगा यांना."

अनुजाने मुलांना खाली बसवलं. तिला हे काम मनापासून आवडायचं.

"मला सांगा, यंदा शिमग्यातल्या नमनाच्या खेळात मावशी कोण झालं होतं?"

"संदेशचे पप्पा!" अख्खा वर्ग ओरडला. संदेशने मान खाली घातली.

"आणि गेल्या वर्षी?"

"रेशनवाले काका! त्यांचा पदर पेटला होता!"

"मग मावशी बदलली म्हणून नमनाची वही नवीन लिहावी लागली का?"

"नाय!"

"नाही ना? वहीत नुसतं लिहिलेलं असतं, 'मावशी येते.' कुठली मावशी, ते वहीत नसतं. ते मंडळाच्या फळ्यावर लिहितात. ज्याचं नाव फळ्यावर, तो लुगडं नेसून उभा राहतो. कृष्णाला त्याचं काही देणंघेणं नाही. त्याला मावशी हवी, त्याला मावशी मिळाली. आता हे यंत्र बघा. यातला एक भाग विचार करतो, धोका आहे की नाही. त्याला एक कान लागतो. कान कोणता, हे त्याला ठाऊक नसतं आणि तो विचारतही नाही. आमच्याकडे कान दोन आहेत. एक खरा, तो तारेतून ऐकतो. दुसरा सरावाचा. तो काहीच ऐकत नाही, तीन वर्षांपूर्वीच्या एका शांत पावसाळ्याची नोंद नुसती पुन्हा वाजवून दाखवतो. यंत्र सुरू होताना एक फाइल वाचतं, आपल्या फळ्यासारखी. तिच्यात ज्या कानाचं नाव, तो कान जोडून घेतं. विचार करणाऱ्या भागाला हातसुद्धा लावावा लागत नाही."

"पण खोटा कान कशाला ठेवायचा?" जुई नावाच्या मुलीने विचारलं.

"छान विचारलंस. पहिल्या वर्षी शिमग्यात काय झालं, तुझ्या आजीला विचार. दोनशे माणसं ढोलावर पालखी नाचवत होती. तारेला वाटलं डोंगरच हलतोय. भोंगा वाजला, दिवा लाल झाला, लोक वाट फुटेल तिकडे पळाले. सोनूतात्यांच्या घरच्या काकू पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून शिमग्याच्या दिवसांत सरावाचा कान जोडायचा, आणि शिमगा संपला की पुन्हा खरा. चला, आता गंमत बघू. खऱ्या तारेचं शेवटचं टोक आपल्या अंगणाखालून येतं. दहा जण अंगणात जा आणि मी सांगितलं की जोरात उड्या मारा. इथे पडद्यावर ही रेघ कशी उसळते बघा!"

दहा मुलं पावसात धावली. "मारा!" अनुजा खिडकीतून ओरडली. चिखल उडाला.

रेघ उसळली नाही.

ती सपाटही नव्हती. बारीक थरथरत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी निवांत चालली होती. अनुजाने पुन्हा उड्या मारायला लावल्या. मग सगळ्या वर्गाला बाहेर पाठवलं. एकवीस मुलं एकदम उडत होती आणि रेघ आपल्या चालीने चाललेली.

"ताई, आम्ही वजनाला कमी पडतो," संदेश खिडकीशी येऊन म्हणाला. "बाईंना सांगा उडी मारायला."

मुलं खिदळली. काझी बाईही हसल्या.

अनुजाने फाइल उघडली. चौथी ओळ तिने स्वतः लिहिलेली होती: शिमगा चालू असेल तर कान सरावाचा, देवी बसेपर्यंत. पुढे एक शब्द यंत्राने आपणहून भरलेला असे. तो होता: चालू.

मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै. तिने बोटांवर मोजले आणि पुन्हा मोजले, जणू दुसऱ्यांदा कमी भरतील.

तारखेवर शिमगा संपवू नको, असं गावानेच तिला बजावलं होतं. पालखी कधी चार दिवस जास्त फिरते, कधी एखाद्या घरी मुक्काम लांबतो. देवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, पालखीतून उतरवून पेटीत ठेवली, देवी देवळात बसली, की गुरवाने मोबाइलवरचं बटण दाबायचं, असं ठरलं होतं. आणि यंदा रूपं उतरलीच नव्हती. ती उतरवण्याचा मान भुवडांचा की मांडवकरांचा, यावरून भर सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, धक्काबुक्की झाली, पोलीस आले, आणि तेव्हापासून जाखमातेची पालखी देवळापुढच्या सहाणेवर ताडपत्रीखाली तशीच उभी होती. पाळी लावून दोन्हीकडचा एकेक माणूस तिच्यावर पहारा देत होता. गुरव बिचारा खरा माणूस. देवी बसली नाही, त्याने बटण दाबलं नाही. गावाच्या हिशेबाने श्रावणातही शिमगा चालूच होता.

हे सगळं अनुजाला ठाऊक होतं. त्यावरून गावात रोज चेष्टा चालायची, तीही हसायची. पण ते भांडण आणि ही ओळ तिच्या डोक्यात कधी एकत्र आलीच नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मुलांना पुलापलीकडे शाळेत न्या. वाडीतल्या एकालाही घरी सोडू नका."

काझी बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता मुलांना रांगेत उभं केलं.

अनुजाने ओळ बदलली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. खरा कान जोडला गेला. त्याच्याजवळ फेब्रुवारीतल्या तारेची नोंद होती. तिच्याशी ताडून त्याने पहिला आकडा दिला. चौदाशे दहाव्या मीटरवर बासष्ट मिलिमीटर.

डोंगर बासष्ट मिलिमीटर खाली आला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

पण नुसत्या एवढ्या आकड्यावर यंत्र बोलत नसे. डोंगर किती सरकला यापेक्षा किती वेगाने सरकतोय, हे महत्त्वाचं. आणि तो वेग ठरवायला नव्याने जोडलेला कान सहा तास नुसता ऐकत राहायचा. तोवर दिवा आधीचाच रंग धरून ठेवायचा, आणि तो हाताने बदलता येत नसे. पडद्यासमोर ती वीस मिनिटं उभी राहिली. बासष्टचे त्रेसष्ट झाले. तासाला एक मिलिमीटर झाला तर माणसं हलवा, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. हा वेग त्याच्या तिप्पट होता.

तिने हाताची कळ दाबून भोंगा वाजवला आणि छत्रीही न घेता वाडीकडे धावत सुटली.

मांडवकरवाडीत अडतीस घरं. एकही दार उघडलं नव्हतं. सोनूतात्या, वाडीतले सर्वांत वडीलधारे, पडवीत बसून सुंभ वळत होते. शेजारी त्यांचा पुतण्या रमाकांत चहा फुंकत होता.

"काय गो, आज कसला सराव?" तात्या म्हणाले. "म्हयन्याचा पयला मंगळवार तर होऊन गेला."

"सराव नाही, तात्या. डोंगर सरकतोय. सगळ्यांना बाहेर काढा."

तात्यांनी हातातला सुंभ न सोडता खांबाकडे बोट केलं. "भोंगा नि हिरवा दिवा, म्हंजे सराव. भोंगा नि लाल दिवा, म्हंजे पळा. तूच शिकवलंस आमाला."

"दिवा खोटा आहे."

"भोंगा वाजवतंस तू, नि दिवा खोटा सांगतंस तू. मग खरा काय हाय तुज्याकडं?"

इतक्यात रमाकांतने कप खाली ठेवला.

"मना कळला सगळा," तो म्हणाला. "वाडी मोकळी करायची. आमी बायकापोरं घेऊन पलीकडं शाळेत, नि हिकडं भुवड रूपं उतरवून मोकळे! बापानंच धाडलान ना तुला?"

"रमाकांतदादा, आईशप्पथ नाही!"

"मग बापाला सांग, पोरीला भिजवून काय मिळायचा नाय. आमी हललो तर पालखीबरोबर हलू."

ती मागे फिरली. रडू येत होतं, पण रमाकांतचं शेवटचं वाक्य तिच्या कानातून जाईना.

सहाणेवर ताडपत्रीखाली तिचे वडील, वामन भुवड, खुर्ची टाकून बसले होते. आज त्यांची पाळी होती. पालखीच्या दुसऱ्या बाजूला मांडवकरांचा एक पोरगेला माणूस मोबाइल बघत बसला होता.

"बाबा, पालखी मांडवकरांना द्या."

वामनरावांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. बासष्ट, त्रेसष्ट, सहा तास, दिवा.

"तुझ्या यंत्रापायी मी सात पिढ्यांचा मान सोडू? यंत्रं बिघडतात. दुरुस्त कर."

"यंत्र बिघडलेलं नाही, बाबा. त्याला सांगितलं तेच ते करतंय. मी लिहिलं, देवी बसेपर्यंत खोटा कान. आणि देवीला तुम्ही बसू दिलं नाहीत. तुम्ही आणि त्यांनी मिळून. त्यात माझी चूक पहिली आहे, ती मी कुठेही सांगेन. पण ती माणसं माझं ऐकत नाहीत. ती पालखीच्या मागून येतील."

वामनरावांनी पालखीकडे पाहिलं. पावसाचा आवाज ताडपत्रीवर वाढत चालला होता.

"वाडीत किती माणूस असेल आता?" त्यांनी विचारलं.

"मुलं सोडून दीडशे. काकू अंथरुणावर आहेत."

ते उठले. टोपी नीट केली आणि भर पावसात मांडवकरवाडीकडे चालू लागले. पाच महिन्यांत त्या वाटेवर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. माणसं आता मात्र दारात आली. वामन भुवड येतोय, ही बातमी भोंग्यापेक्षा मोठी होती.

"सोनू," ते अंगणात उभे राहून म्हणाले, "पालखी उचला. तुमीच. रूपं शाळेत नेऊन उतरवा, तुमच्या हातांनी. आमच्यातल्या एकाचं बोट लागायचं नाय. पण मागनं सगळी वाडी चालली पायजे. तान्ह्या पोरासकट."

"लिहून देशील?" रमाकांतने विचारलं.

"कागद भिजेल रे. देवीसमोर बोलतोय, तो पुरे."

सोनूतात्यांनी सुंभ बाजूला ठेवला. ते वामनरावांकडे बघत होते. "वामन," ते हळूच म्हणाले, "खराच सरकतोय काय रं?"

"पोरगी सांगतेय. माझी पोरगी खोटं सांगत नाय. चुकली असेल, पण खोटं नाय."

पुढच्या अर्ध्या तासात ढोल निघाले. भोंग्याला न हललेली वाडी ढोलाला हलली. श्रावणात पालखी उठली म्हणून म्हाताऱ्या हात जोडत बाहेर आल्या, बायकांनी पोरं कडेवर घेतली, कुणी दाराला कडी घातली, कुणी तेही विसरलं. मांडवकरांच्या खांद्यावर पालखी पुलाकडे निघाली. वामनराव तिच्या मागे गेले नाहीत. अनुजाबरोबर ते घरोघर फिरले, गुरांची दावी सोडली, आणि काकूंना खुर्चीत बसवून रमाकांतबरोबर स्वतः खांदा दिला.

"तुज्या भोंग्यानंच मोडलान होता हा पाय," काकू अनुजाला म्हणाल्या. "आता तूच उचलून नेतंस. बरा आहे."

अनुजाला हसूही आलं नाही.

शाळेच्या वऱ्हांड्यात काझी बाईंनी हजेरी घेतल्यासारखी माणसं मोजली. मुलं धरून एकशे एकसष्ट. वाडीची सगळी. तात्यांनी देवीची रूपं उतरवली तेव्हा चार वाजले होते. गुरवाने मोबाइल काढला आणि बटण दाबलं.

चार वाजून वीस मिनिटांनी आवाज आला. आधी मेघगर्जना वाटली, पण ती थांबेना. नदीपलीकडे डोंगराची हिरवी कूस मधोमध फाटली. तांबडी माती कढी उतू जावी तशी खाली आली. आंब्यांची झाडं काही अंतर उभीच्या उभी चालत गेली. मग घरांची कौलं दिसली, आणि मग कौलंही दिसेनाशी झाली.

धूळ नव्हती, पावसाने उडू दिली नाही, म्हणून सगळं स्वच्छ दिसत होतं. अडतीस घरांच्या जागी माती होती. वाडीच्या टोकाचा खांब तेवढा वाकून उभा होता, आणि त्याच्यावरचा दिवा हिरवा होता.

सगळे त्या दिव्याकडेच बघत होते. साडेपाच वाजून गेले, आणि पाच मिनिटांनी तो लाल झाला. कानाचे सहा तास भरले होते. ग्रामपंचायतीवरचा भोंगा आपोआप वाजू लागला, रिकाम्या मातीवर, आणि कुणी बंद करेपर्यंत वाजत राहिला.

रमाकांत भिंतीला टेकून खाली बसला. "माजा चहाचा कप पडवीतच ऱ्हायला," तो म्हणाला, आणि मग त्याला हुंदका फुटला.

अनुजाचा मोबाइल वाजला. जिल्ह्याच्या दरड-विभागातले पेडामकर साहेब होते.

"शाब्बास, बाई! एकही माणूस गेलं नाही म्हणे?"

"साहेब, शाब्बास म्हणू नका. पाच महिने आमचा कान सरावाचा होता. शिमग्याची ओळ. ती माझी चूक आहे, मी लिहून देते."

"कुठली ओळ? ती... उत्सव चालू तर सरावाचा कान, ती?"

"हो."

"बाई, ती ओळ आम्ही उचलली. तुमच्याकडे पुढच्या वर्षी भोंग्याची एकही तक्रार आली नव्हती ना, म्हणून. सगळ्या गावांच्या फाइलीत घातलीय, जशीच्या तशी. कुणाचा शिमगा, कुणाची जत्रा, कुणाचा उरूस."

अनुजाने वऱ्हांड्याचा खांब धरला. "किती गावं?"

"एकशे चाळीस."

"त्यातल्या किती गावांनी उत्सव संपल्याचं बटण दाबलंय?"

कळफलकाचा आवाज आला.

"एकशे अकरा," साहेब म्हणाले. "पण बाकीच्या एकोणतीस गावांचे दिवे तर हिरवेच..."

वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं.

"त्यांचे कान इथूनच बदलतो," ते घाईघाईने म्हणाले. "पण सहा तास..."

"सहा तास थांबू नका. मला नंबर पाठवा. अर्धे तुम्ही लावा, अर्धे मी लावते."

यादी आली. पंधरा गावं, पंधरा चालक. तिने पहिला नंबर लावला. बाहेर पाऊस तसाच होता, साऱ्या जिल्ह्यावर एकच. चौथ्या रिंगला एका बाईने उचलला. मागे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

"बोला ताई! धामणकोंडची बातमी ऐकली आत्ताच, अंगावर काटा आला बघा. आमच्याकडे काही नाही, देवाच्या दयेने. दिवा हिरवा आहे."

"तुमचं नाव काय?"

"सुरेखा."

"सुरेखाताई, तुमचा दिवा खोटं सांगतोय. का, ते वाटेत चालता चालता सांगते. दरडीखालची माणसं आत्ताच्या आत्ता बाहेर काढायची आहेत."

कढईचा आवाज बंद झाला. "अहो, पण दिवा हिरवा असताना आमची माणसं माझं कुठे ऐकणार?"

"नाही ऐकणार. माझंही ऐकलं नाही," अनुजा म्हणाली. "दिव्याचं सोडा. तुमच्या गावात लोक कुणाच्या मागनं चालतात, तेवढं मला सांगा."